रायडिंग बूट घेताना या चुका टाळा (खान्देशच्या उन्हात चालवणाऱ्यांसाठी)

बूट दुकानाच्या एसीत घालून बघायचे आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ रोडवर वापरायचे, इथूनच घोळ सुरू होतो. एसीत सगळेच बूट भारी वाटतात भो. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, खाली डांबर तापलेलं, बाजूने इंजिनची झळ, अशात आतून उकळणारा बूट दोन-चार रविवार निघतो आणि मग पलंगाखाली जातो, आणि भाऊ परत चप्पल घालून चाळीसगावला. त्यामुळे आराम बघणं म्हणजे लाड नाही, बूट पायात असला तरच घोटा वाचेल. पण म्हणून मऊ तेवढा चांगला असंही नाही, आणि बहुतेक जण नेमके तिथेच फसतात.

गाडी आडवी झाली की पाय बऱ्याचदा गाडी आणि रस्त्याच्या मधे सापडतो, तळवा बाजूने दाबला जातो नाहीतर पाय पिळला जातो. म्हणून दुकानात बूट हातात घ्या, एका हाताने टाच, दुसऱ्याने पुढचं टोक धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर तो दिसायला रायडिंग बूट आहे, बाकी काही नाही. मग सोल मधोमध दोन्ही बाजूंनी दाबा, तिथे तो कडक लागला पाहिजे. चवड्याजवळ मात्र वाकायला हवा, नाहीतर चालताना टाच वर-खाली होऊन फोड येणारच.

आता लेबल. जिभेच्या आत किंवा वरच्या कडेला छोटं लेबल असतं, त्यावर बाइकवाल्याचं चित्र आणि ईएन १३६३४ (बाइकच्या बुटांचं युरोपियन स्टँडर्ड) असं लिहिलेलं असतं, खाली चार आकडे, प्रत्येक १ नाहीतर २. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याला किती टिकतो, तिसरा कापलं जाण्याला, चौथा बाजूने दाब आल्यावर सोल किती तग धरतो त्याचा. २ म्हणजे वरची लेव्हल. खरी गोम पुढे आहे, घोट्यावरच्या माराची टेस्ट यात सक्तीची नाही! ती केलेली असेल तर लेबलवर आयपीए ही अक्षरं वेगळी दिसतात, नडगीसाठी आयपीएस. म्हणजे सीईचा (युरोपियन नियमांत बसतो असं सांगणारा) शिक्का आहे, दुकानदार छातीठोक सांगतोय, आणि घोट्याला नुसता फोम, असं होऊ शकतं. अक्षरं शोधा, नसतील तर बोटाने दाबून बघा घोट्यावर कडक कप आहे का आणि तो घोट्याच्या हाडावरच बसतोय का, कारण साइज चुकली की कपही वर-खाली सरकतो.

एमआयडीसीतले सेफ्टी शूज घालून चालवणारे भरपूर आहेत. चपलेपेक्षा कधीही बरे, पण ते बनवलेत वरून वजन पडलं तर बोटं वाचावीत म्हणून, घोट्याला त्यात बहुतेक वेळा काही नसतं. वर नाडीचा फास गिअर लिव्हरमधे किंवा फूटपेगला अडकला की सिग्नलला पाय खाली टेकतच नाही. नाडी असेलच तर आत खोचा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे व्हिडिओ बघून गुडघ्यापर्यंतचे ऑफरोड बूट मागवणं. शहाद्याहून तोरणमाळ चढताना त्यात फोटो झकास येतात, पण रोज बँकेत, मार्केट यार्डात, वावरात जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? रोजच्याला घोट्याच्या वरपर्यंत येणारा, जाळीचे किंवा छिद्राचे भाग असलेला बूट बघा, फक्त टाच, घोटा आणि पुढचं टोक कडक हवं.

वॉटरप्रूफचा हट्ट आपल्याकडे तर सोडूनच द्या. चार महिन्यांच्या पावसासाठी आठ महिने आत घाम साठवायचा, आणि पँट बुटात खोचली की पाणी वरून आत जातं, मग बाहेरही निघत नाही. त्यापेक्षा वरून घालायचं रेन कव्हर घ्या. बूट भिजलेच तर आतलं सोल काढून पेपरचे बोळे भरा आणि सावलीत ठेवा, कडक उन्हात किंवा गरम सायलेन्सरवर वाळवले की चामडं तडकतं आणि चिकटवलेला जोड सुटतो. काळ्या मातीचा चिखल झिपमधे वाळायच्या आत जुन्या टूथब्रशने काढा, नंतर ओढाताण केली की दातेच जातात.

साइजसाठी संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. ज्या मोज्यात चालवणार तेच घालून, भिंतीला टाच लावून दोन्ही पाय कागदावर आखा आणि मोठ्या पायाचे सेंटीमीटर त्या कंपनीच्या चार्टवर बघा, स्पोर्ट शूजचा नंबर इथे चालेलच असं नाही. सुती मोजे घाम धरून ठेवतात, उन्हाळ्यात फोड येण्यात त्यांचा मोठा हात असतो, सिंथेटिक घ्या. करंगळी दाबत असेल तर 'सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका, चामडं थोडं सैलावतं पण आतला कडक कप नाही सैलावत.

बूट घेतला आणि आता गिअरच पडेना, ही तक्रार तर ठरलेली. जाड टोक लिव्हरखाली जात नाही म्हणून बूट लगेच परत करू नका, आधी मेकॅनिककडून लिव्हर थोडा वर करून घ्या, दात्यांच्या शाफ्टवर असेल तर बोल्ट ढिला करून एक दाता फिरवायचा, रॉड असेल तर रॉडची लांबी बदलायची, पाच मिनिटांचं काम. टाच-चवडा दोन्हीचा लिव्हर असलेल्या गाडीवर मोठा बूट मधेच अडकतो, तिथे बारीक टोकाचाच बूट लागतो. मागच्या ब्रेकचा पेडलही त्याच वेळी बघून घ्या, जाड सोलमधून पाय नकळत त्यावर टेकून राहतो, ब्रेक लाइट सतत पेटतो आणि मागचा ब्रेक तापतो.

एक राहिलंच. सेलमधे बरेच वर्षं पडून असलेला जोड स्वस्तात मिळत असेल तर सोल वाकवून, नखाने खरवडून बघा. पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने कुजतो, भुगा पडायला लागला किंवा कडेला बारीक भेगा दिसल्या तर कितीही डिस्काउंट असला तरी तिथेच ठेवून या.