लाल रंगाला भुलू नका: न्यू जर्सीच्या डेकवर हमिंगबर्डसाठी कुंड्या

एप्रिल सरता सरता रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड न्यू जर्सीत पोचतात. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. नर्सऱ्यांत लाल फुलांची रेलचेलही याच सुमाराला असते, आणि आपण दिसेल ते लाल उचलून आणतो. लाल जिरेनियम शोभतं खरं, पण त्यात मकरंद जेमतेम. भरगच्च पाकळ्यांच्या पिटुनियाची तीच गत. झेंडू आपल्या तोरणापुरता.

फूल नळीसारखं लांबट हवं. आपला शिंजीर फांदीवर बसून जास्वंदीला बुडाशी भोक पाडतो. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, म्हणून फुलासमोर मोकळी जागा लागते. कुंड्या भिंतीशी न दाटता रेलिंगकडे सरकवा. नर भारी भांडखोर असतो, एकटाच सगळ्या फुलांवर हक्क सांगतो. निम्म्या कुंड्या डेकच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या की इतरांनाही संधी मिळते.

एकच झाड घ्यायचं तर मी साल्व्हिया घेईन, त्यातही 'ब्लॅक अँड ब्लू'. फूल गडद निळं, तरी पक्षी त्यावर तुटून पडतात. 14 इंची कुंडी, ऊन किमान सहा तास. सुकलेले तुरे खुडत राहिलात तर थंडीपर्यंत फुलतं. मात्र मेच्या मध्यापर्यंत दंवाचा धोका असतो, तोवर रात्री आत घ्या.

वेल हवा असेल तर कोरल हनीसकल, मोठ्या कुंडीत जाळीच्या आधाराने. लेबलवर 'सेम्परव्हायरन्स' वाचूनच घ्या. 'जॅपोनिका' इथल्या रानात माजलेला उपद्रवी वेल आहे. सावलीच्या डेकला टांगता फ्युशिया चालतो, कडक उन्हाळ्यात मात्र रुसतो. कार्डिनल फ्लॉवरला पाय ओले लागतात, खाली पाण्याची बशी ठेवा. बी बाम दाटीत लावलं की पानांवर भुरी हमखास.

अंगणातली माती कुंडीत घट्ट बसते, पॉटिंग मिक्सच वापरा. जुलैत रोज पाणी. नत्र बेताने, नाहीतर नुसता पाला. शेजारच्या कढीपत्त्यावर मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, कीटकनाशक नको. हे पक्षी बारीक किडे आणि कोळीही खातात, पिल्लांना तर तेच भरवतात.

फीडर टांगणार असाल तर एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. मध, गूळ, लाल रंग काहीही नको. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुऊन नवं भरा.

गणपतीच्या गडबडीत डेक आवरून कुंड्या रिकाम्या करायची घाई करू नका. जेमतेम तीन ग्रॅमचा हा पक्षी तेव्हा दक्षिणेच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतो. काही तर वजन जवळपास दुप्पट करून निघतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साल्व्हिया फुलता ठेवा. मग दंव पडलं की वरून छाटून कुंडी गारव्याच्या बेसमेंटमध्ये ठेवा. 'ब्लॅक अँड ब्लू'च्या जाड मुळांना वसंतात पुन्हा फुटवे येतात.