हंगाम संपला, आता जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे ऑइल बदला

गवत कापून झाले, वाफे नांगरून झाले, की जुना गार्डन ट्रॅक्टर पुसून शेडमध्ये लावला जातो. ऑइल मात्र तेच आत राहते. ‘पुढच्या हंगामाला सुरू करताना बदलू’ असे बहुतेकांच्या डोक्यात पक्के असते. माझे आग्रहाचे सांगणे आहे की हा क्रम उलटा करा. ऑइल ट्रॅक्टर उभा करण्याआधी बदला.

पेट्रोल जळताना पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर! त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या कडेने थोडी वाफ, थोडी काजळी आणि अर्धवट जळलेले पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन रोज तासन्‌तास तापते तोवर ही वाफ ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरच्या हवा सोडणाऱ्या वाटेने, उडते. ट्रॅक्टर तीन-चार महिने थंड उभा राहिला की ओल आतच राहते. जुन्या ऑइलमध्ये आम्ले साठलेली असतात आणि ती मारणारे घटक वापरून संपलेले असतात. मग क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) पिनवर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टोकांवर बारीक गंजाचे ठिपके पडतात. पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी हे ठिपके बेअरिंगला कानसासारखे घासतात. त्यानंतर कितीही चांगले ऑइल ओतले तरी झालेली झीज भरून येत नाही.

ही काळजी जुन्या ट्रॅक्टरला जास्त का लागते, ते त्याच्या इंजिनाकडे पाहिले की कळते. 1961 सालचा पहिला कब कॅडेट, 1963 चा जॉन डिअर 110, त्या काळचे व्हील हॉर्स, यांतल्या बहुतेकांना एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे, बिडाचे कोहलर इंजिन असे. त्याला ऑइल पंप नाही, ऑइल फिल्टरही नाही. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तळाला एक छोटी पळी असते. ती दर फेऱ्याला ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल सगळीकडे उडवते. तेवढेच काय ते वंगण. ऑइल अवघे सव्वा ते दोन लिटर. कारमध्ये चार लिटर ऑइल, वर फिल्टर आणि पाण्याचे कूलिंग असते. इथे त्या दीड-दोन लिटरनेच वंगण द्यायचे, उष्णता वाहून न्यायची आणि कचराही पोटात धरायचा. म्हणून अशा इंजिनांना 25 तासांनी ऑइल बदलायला सांगितलेले असते. धुळीत काम असेल तर त्याहून लवकर. 25 तास म्हणजे रोज दोन तास चालवलात तर दोन आठवडेही नाहीत.

कोणते ऑइल

हवामान 5 अंशांच्या वर असेल तर साधे एसएई 30 (हा ऑइलच्या घट्टपणाचा नंबर). थंडीत सुरू करायचा असेल तर 10डब्ल्यू-30, कारण थंडीत 30 नंबरचे ऑइल घट्ट होते आणि इंजिन फिरता फिरत नाही. उलट कडक उन्हात, 27 अंशांच्या वर, 10डब्ल्यू-30 वापरले तर हवेवर थंड होणारे इंजिन ऑइल जास्त खाते. दोन हंगामांत दोन ग्रेड वापरायला काहीच हरकत नाही.

एक समज मात्र मला खोडून काढायचा आहे. ‘जुन्या इंजिनाला डिटर्जंट ऑइल चालत नाही, गाळ सुटतो आणि इंजिन बसते’ असे खूप जण सांगतात. डिटर्जंट नसलेले ऑइल कचरा पोटात धरत नाही, तो तळाला आणि कोपऱ्यांत बसू देते, आणि ऑइल सोडताना तो गाळ बाहेर येत नाही. डब्यावर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे, ऑइलचा दर्जा सांगणारे अक्षर पाहा. एसए वर्गाचे ऑइल 1930 नंतरच्या आणि एसबी वर्गाचे 1951 नंतरच्या मोटारींच्या इंजिनांना योग्य नाही, असे त्या वर्गीकरणातच म्हटले आहे. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रॅक्टरलाही ते जुनेच ठरते. त्या इंजिनांच्या पुस्तिकांतही डिटर्जंट ऑइलच सांगितलेले असते. एसजे, एसएन, एसपी यांपैकी कोणतेही चालेल. ट्रॅक्टर नुकताच घेतला असेल आणि आधीच्या मालकाने काय ओतले ते ठाऊक नसेल, तर गाळ सुटण्याची शंका रास्त आहे. तेव्हा नवे ऑइल घालून चार-पाच तास चालवा आणि पुन्हा एकदा बदला. दीड लिटर जास्तीचे जाईल, पण इंजिन आतून धुऊन निघेल. दोन-स्ट्रोकचे ऑइल किंवा ‘जाडपणा वाढवणाऱ्या’ बाटल्या यात ओतू नका.

ऑइल काढताना

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. शेडच्या बाहेर, मोकळ्या हवेत इंजिन पाच-दहा मिनिटे चालवा. कोमट झालेले ऑइल पातळ होते, तळाचा कचरा ढवळून त्यात मिसळतो आणि सोबत बाहेर येतो. फार तापवू नका, हात भाजतो. इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा. चुकून फ्लायव्हील फिरले तरी इंजिन सुरू होणार नाही.

आता ऑइल सोडायचा ड्रेन प्लग शोधा, आणि इथे घाई करू नका. जुन्या ट्रॅक्टरला इंजिनाचा एक प्लग असतो, गिअरबॉक्सचा दुसरा. खाली वाकून पाहिल्यावर दोन्ही सारखेच तेलकट आणि मळलेले दिसतात. आधी ब्रशने घासून जागा स्वच्छ करा आणि तो प्लग इंजिनाच्याच चेंबरला आहे याची खात्री करून मग पाना लावा. अनेक ट्रॅक्टरांत इंजिनापासून एक छोटा पाइप बाहेर काढून त्याच्या टोकाला टोपी बसवलेली असते. अशा वेळी एका पान्याने पाइप धरा आणि दुसऱ्याने टोपी फिरवा. पाइप न धरता जोर लावलात तर पाइपच फिरतो, आणि इंजिनाचे आटे गेले की साधे काम मोठे होऊन बसते.

वरची डिपस्टिक काढून ठेवा, हवा मिळाली की ऑइल सरसर उतरते. खाली पसरट घमेले ठेवा. धार तुटली तरी उठू नका. ट्रॅक्टर प्लगच्या बाजूला किंचित कलवा आणि दहा मिनिटे थेंब थेंब गळू द्या. फिल्टर नसलेल्या इंजिनात शेवटचा हा अर्धा कप सगळ्यात घाणेरडा असतो.

जुने ऑइल काय सांगते

घमेले लगेच रिकामे करू नका. जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला इंजिन न उघडता त्याच्या आत डोकावण्याची ही एकच संधी मिळते.

नुसते काळे ऑइल ही काळजीची गोष्ट नाही, त्याने कचरा धरला आहे. दुधाळ, ताकासारखे दिसले तर आत पाणी आहे. थोडे काचेच्या बाटलीत घालून रात्रभर ठेवा, पाणी तळाला वेगळे दिसेल. बहुधा दर वेळी पाच मिनिटे चालवून बंद करण्याचा हा परिणाम असतो, कारण इंजिन पुरते तापतच नाही. घमेल्यात चमचमणारी कणी दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर लोखंडाची. न चिकटणारी, रुपेरी कणी अ‍ॅल्युमिनियमची, आणि या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. चिमूटभर चमक झिजेची म्हणून सोडून देता येते. बोटाला टोचतील असे कण निघाले तर रॉड तपासल्याशिवाय तो ट्रॅक्टर पुन्हा चालवू नका.

आणि वास घ्या. एका हंगामात माझ्या ट्रॅक्टरची डिपस्टिक कायम ‘फुल’च्या खुणेवर असायची. इंजिन ऑइल अजिबात खात नाही म्हणून मी निश्चिंत होतो. ऑइल सोडले तेव्हा ते पाण्यासारखे धावत आले, घातले त्यापेक्षा जास्त भरले, आणि घमेल्याला पेट्रोलचा उग्र वास येत होता. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरत होते. रॉडच्या खालच्या कानावर नखाला लागतील असे चरे पडले होते. तेव्हापासून पातळी घटली तर मी ऑइल घालतो आणि वाढली तर इंजिन सुरूच करत नाही. पंप नसलेल्या, टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये हाच प्रकार कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोट नीडल झिजल्यामुळे होतो. काम संपले की पेट्रोलचा कॉक बंद करणे हा त्यावर साधा उपाय आहे.

भरताना

ड्रेन प्लग पुसून, आट्यांना सीलिंग टेप गुंडाळून, आधी हातानेच फिरवा. सरळ बसला की मग पान्याने आवळा, पिळू नका. ऑइल थोडे थोडे घाला. पुस्तिकेतल्या मापाच्या जरा अलीकडे थांबून दोन मिनिटांनी डिपस्टिक पाहा. आट्यांची डिपस्टिक फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे इंजिनागणिक बदलते, म्हणून पुस्तिका पाहून ते एकदाच ठरवा. कमी भरले तर पळी ऑइलपर्यंत पोचत नाही आणि रॉड क्रँकला धरतो. जास्त भरले तर पळी ऑइल घुसळून फेस करते, धूर येतो, ब्रीदरमधून ऑइल बाहेर पडते. स्पार्क प्लगची वायर जोडून दोन मिनिटे इंजिन चालवा, ड्रेन प्लगपाशी ठिबकत नाही ना ते बघा आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासा. नवे ऑइल प्रत्येक भागावर पसरण्यासाठीही ही दोन मिनिटे हवीतच.

त्याच बैठकीत इंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढून सिलिंडरच्या पंख्यांत अडकलेले वाळके गवत काढा. ते तसेच राहिले तर नवे ऑइलही करपेल. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, प्लग परत बसवा, इंजिन हाताने हळू फिरवा आणि दाब जाणवेल तिथे थांबवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, ओल आत जात नाही.

जळके ऑइल कुंपणाच्या खांबांना फासू नका, धूळ बसावी म्हणून वाटेवर शिंपडू नका, चुलीत तर नकोच. त्यात धातूंचे अंश आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. ती मातीत मुरतात आणि पावसाबरोबर विहिरीपर्यंत जातात. झाकणाच्या डब्यात भरा, त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळू नका आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. काम करताना हातमोजे घाला, तेलकट फडके खिशात ठेवू नका.

शेवटी एका पुठ्ठ्यावर तारीख, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर बसले ते लिहून स्टिअरिंगला बांधा. या ट्रॅक्टरांना तासांचे मीटर बहुधा नसते, म्हणून पुढच्या हंगामात त्याच पुठ्ठ्यावर रोजचे तास मांडत जा. स्पार्क प्लगची वायर सुटीच राहू द्या.