आधी वर्णन, मग नाव: काळ्या चौकोनांचा कोन शंख

लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर ओहोटीच्या वेळी, प्रवाळाच्या सपाट कट्ट्यावर हा शंख पहिल्यांदा दिसला तेव्हा मी वहीत नाव लिहून मोकळी झाले: कोनस एब्रियस. वर्णनाची एक ओळ नाही, माप नाही. पुढे शंका आली तेव्हा त्या नोंदीवरून काहीच ठरवता येईना. म्हणून आता विद्यार्थ्यांना सांगते, नावाची जागा कोरी सोडा आणि दिसेल ते लिहा.

शंख जिवंत असेल तर हात लावू नका. एब्रियस समुद्री कृमींवर जगतो. माणसांचे बळी घेतलेत ते मासे खाणाऱ्या कोनस जिओग्राफसने. पण शेवाळ चढलेला शंख पाण्यात नीट ओळखू येत नाही. रुंद बाजूने धरला की धोका नाही, हा समज चुकीचा आहे. विषारी दात सोडणारी सोंड ताणून मागे वळू शकते. जिवंताचे फोटो काढा. मोजायला रिकामा शंखच घ्या, तोही आत खेकडा राहत नाही ना हे बघून.

व्हर्निअर कॅलिपरने (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) तीन मापं घ्या: पूर्ण लांबी, सर्वांत जास्त रुंदी, तोंडाची उंची. रुंदीला तोंडाच्या उंचीने भागलं की शंख किती जाडजूड ते कळतं. लांबीतून तोंडाची उंची वजा करून लांबीने भागलं की कळस, म्हणजे वरचा वेटोळ्यांचा टोकदार भाग, किती उंच ते कळतं. मग ‘जरा बुटका’ असं मोघम लिहावं लागत नाही.

खांद्यावरून, म्हणजे कळसाखालच्या रुंद कडेवरून, बोट फिरवा, बारीक गाठी लागतील. रंग पांढरा, कधी गुलाबी झाक, त्यावर आडव्या रांगांत काळे चौकोनी ठिपके. एब्रियस म्हणजे हिब्रू. जीवांच्या नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली हे नाव दिलं. ठिपके सुटे आहेत की उभे जुळून नागमोडी पट्टे झालेत, हे पाठ आणि तोंड अशा दोन्ही बाजूंनी तपासा. जुळलेले असतील तर तो बहुधा कोनस काल्डियस. त्याच्या नावात ‘(रोडिंग, १७९८)’ कंसात येतं, कारण नाव देणाऱ्या रोडिंगने तो कोनसमध्ये नाही, वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवला होता. एब्रियसच्या नावात लिनियसला कंस नाही, कारण त्याने तो कोनसमध्येच ठेवला होता. हा कंस विसरू नका.

खरी अडचण पुढेच आहे. कोनस जुडियस हा तिसरा भाऊ कवचावरून एब्रियसपासून वेगळा काढता येत नाही. बर्गने १८९५ साली त्याला नाव दिलं, २००९ साली डीएनएने तो वेगळा असल्याचं दाखवलं. फरक दातांच्या रचनेत आणि आहारात आहे. म्हणून नुसतं कवच हाती असेल तर मी ‘कोनस सीएफ. एब्रियस’ लिहिते, म्हणजे ‘एब्रियसशी ताडून पाहा’.

चिठ्ठीवर बेटाचं नाव, कट्ट्याची कोणती बाजू, तारीख, पाण्याची खोली, खाली वाळू होती की मेलेलं प्रवाळ, एवढं शिसपेन्सिलीने लिहा आणि ती शंखासोबत त्याच डबीत ठेवा.