दोन देशांच्या मधलं तेल: सागरी कायद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

अनक्लॉस, म्हणजे १९८२चा सागरी कायद्याचा करार, तुम्ही एकदा तरी वाचला असेल असं धरून चालते. प्रादेशिक समुद्र, अनन्य आर्थिक क्षेत्र, भूखंडमंच या व्याख्या इथे पुन्हा देत नाही. मला बोलायचंय ते दोन देशांच्या मध्ये पसरलेल्या तेल-वायूच्या साठ्यांबद्दल. या क्षेत्रात येणारी बहुतेक मुलं सीमानिश्चितीच्या निकालांवर वर्ष-दोन वर्षं घालवतात आणि साठ्यांचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. शिकवणारेही तसंच शिकवतात. प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मात्र निम्मे प्रश्न याच विषयातून येतात.

आधी एक कटू गोष्ट. दोन देशांत विभागलेला तेलसाठा कसा वाटायचा हे सांगणारं एकही कलम अनक्लॉसमध्ये नाही. ७४(३) आणि ८३(३) ही कलमं एवढंच म्हणतात की सीमा ठरेपर्यंत व्यवहार्य तात्पुरती व्यवस्था करण्याचा मनापासून प्रयत्न करा आणि अंतिम करारात खोडा घालू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने सामायिक नैसर्गिक संपत्तीचा विषय हाती घेतला होता. २००८मध्ये भूजलाचे मसुदा-नियम पूर्ण केले आणि २०१०मध्ये तेल-वायूवर काम करायचं नाही असं ठरवून टाकलं. त्यामुळे पाठ करायला नियमावली नाही. द्विपक्षीय करार आणि मोजके निकाल, एवढ्यावरच सगळं उभं आहे. घाबरू नका, वाचण्यासारखे महत्त्वाचे करार फार नाहीत. पण ते मुळातून वाचावे लागतात.

आता या विषयातला एक सापळा. मी यात बराच काळ अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते.

जॉइंट डेव्हलपमेंट आणि युनिटायझेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक नोट्समध्ये त्या एकाच मथळ्याखाली येतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. सीमा ठरलेली आहे, पण साठा तिच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, तेव्हा युनिटायझेशन: संपूर्ण साठा एकच समजून एका आराखड्याने उत्पादन काढायचं. याला कारण भूगर्भातलं आहे. तेल आणि वायू दाबाखाली असतात. एका बाजूने विहीर खोदली की दाब कमी होतो आणि पलीकडचं तेलही तिकडे सरकायला लागतं. जो आधी उपसेल त्याचं, असं होऊ नये म्हणून ब्रिटन आणि नॉर्वे यांनी उत्तर समुद्राच्या १९६५च्या सीमाकरारातच चौथ्या कलमात तरतूद ठेवली. त्यातून १९७६चा फ्रिग वायूक्षेत्राचा करार आला. नॉर्वेचा वाटा ६०.८२ टक्के, ब्रिटनचा ३९.१८. दशांशाचे दोन आकडे बघा. ते भूगर्भतज्ज्ञांच्या हिशोबातून आलेत.

जॉइंट डेव्हलपमेंट येतं ते सीमाच ठरत नसते तेव्हा. मलेशिया आणि थायलंडने १९७९मध्ये थायलंडच्या आखातातला वादग्रस्त पट्टा बाजूला काढला आणि खर्च-उत्पन्न निम्मं-निम्मं वाटायचं ठरवलं. पट्ट्यात कोणाच्या बाजूला किती वायू आहे हे मोजून ५० टक्के आलेले नाहीत. ते वाटाघाटीच्या टेबलावर ठरलेत.

इथवर सोपं वाटतं. अडतं ते दोन्ही एकत्र आल्यावर, आणि त्यासाठी तिमोर समुद्रातल्या ग्रेटर सनराइज या वायूक्षेत्राइतकं चांगलं उदाहरण नाही. ऑस्ट्रेलिया आणि पूर्व तिमोर यांच्यातल्या २००२च्या तिमोर समुद्र करारात संयुक्त विकास क्षेत्राच्या उत्पादनाची वाटणी ९०:१० अशी होती, ९० तिमोरला. हा आकडा वाचून नवखा माणूस लिहून मोकळा होतो की सनराइजचे ९० टक्के तिमोरला मिळत होते. तसं नव्हतं. सनराइजचा साठा संयुक्त क्षेत्राच्या हद्दीवर आडवा पडलेला. त्याच करारात त्यातला फक्त २०.१ टक्के भाग संयुक्त क्षेत्रात धरला होता आणि उरलेला ७९.९ टक्के ऑस्ट्रेलियाकडे. म्हणजे तिमोरचा वाटा २०.१चे ९० टक्के, जेमतेम १८ टक्के! २००६च्या करारात सनराइजचं उत्पन्न निम्मं-निम्मं झालं. पुढे अनक्लॉसखालच्या पहिल्यावहिल्या सक्तीच्या समेटप्रक्रियेतून ६ मार्च २०१८चा करार झाला. त्यात कायमची समुद्रतळसीमा ठरली आणि तिमोरचा वाटा ७० किंवा ८० टक्के झाला. वायूची पाइपलाइन तिमोरला आली तर ७०, ऑस्ट्रेलियाला गेली तर ८०.

म्हणून टक्केवारी दिसली की पेन खाली ठेवा आणि विचारा, टक्के कशाचे? जमिनीखालच्या साठ्याचे, की निघालेल्या उत्पादनाचे, की सरकारांना मिळणाऱ्या महसुलाचे? आणि आकडा ठरवला कोणी? दोन करारांची तुलना करणारा तक्ता करायच्या आधी हे झालंच पाहिजे. मी पाहिलेल्या निम्म्या निबंधांत हीच गफलत असते आणि परीक्षकांनाही ती दर वेळी दिसते असं नाही. पण मुलाखतीत समोर तेलकंपनीचा वकील बसला असेल, तर त्याला पहिल्या मिनिटात दिसते.

निकालांबद्दल थोडंसं. गयाना-सुरिनाम लवाद, २००७. जून २००० मध्ये सुरिनामच्या गस्ती नौकांनी गयानाच्या परवान्यावर आलेलं ड्रिलिंगचं जहाज वादग्रस्त पाण्यातून हुसकावलं होतं. लवादाने दोघांनाही दोषी ठरवलं आणि एक रेघ ओढली: ज्या कृतीने समुद्रतळात कायमचा भौतिक बदल होतो ती एकतर्फी करू नका. सर्वेक्षण एरवी चालतं, विहीर खोदणं नाही. मग घाना विरुद्ध कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) हा सागरी सीमेचा खटला वाचायला घेतला की डोकं चक्रावतं. २०१५मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने घानाला नवीन ड्रिलिंग करू नका म्हणून बजावलं आणि २०१७च्या अंतिम निकालात घानाने ८३(३)चा भंग केला नाही असं म्हटलं. खोदकाम तर झालंच होतं! यात विसंगती शोधत बसण्याआधी कोत दिव्वारची शेवटची मागणी शब्दशः वाचा. ती त्यांनी ‘आयव्हरियन सागरी क्षेत्रातल्या’ कृतींपुरती मांडली होती, आणि ज्या भागात खोदलं तो भाग निकालात घानाच्या वाट्याला आला. मागणीच बसली नाही. न्यायाधीश पाइक यांचं स्वतंत्र मतही वाचा. भौतिक बदल हा एकच निकष पुरेसा का नाही, हे त्यांनी नीट मांडलंय. सारांशाच्या वेबसाइटवर हे दोन्ही मिळत नाही. सारांशांवर माझा राग आहे तो यासाठी. उद्या मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला) आहे म्हणून एकदा चालवलंत तर चालवा, पण त्यावर करिअर उभं करू नका.

पर्यावरणाची बाजू. मला एका वरिष्ठांनी सांगितलं होतं की ती शेवटच्या प्रकरणात दोन पानांत उरका. तो सल्ला मी मानला नाही याचं आजही बरं वाटतं. २१ ऑगस्ट २००९ला ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या मोंटारा क्षेत्रात विहीर फुटली आणि दहा आठवडे तेल तिमोर समुद्रात वाहत राहिलं. ते इंडोनेशियाच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं आणि समुद्रशैवालाची शेती करणाऱ्यांची पिकं गेली. आता बघा, हातात काय आहे? टँकरमधून सांडलेल्या तेलाच्या भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय दायित्व करार आहे. समुद्रतळातल्या विहिरीतून आलेल्या तेलासाठी तसा जागतिक करार नाही. अनक्लॉसचं १९२, १९४, २०६ आणि २०८ ही कलमं राष्ट्रांना कर्तव्यं घालून देतात, पण शेतकऱ्याच्या हातात पैसे देत नाहीत. त्या शेतकऱ्यांना शेवटी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात साध्या निष्काळजीपणाचा दावा लावावा लागला. २०२१मध्ये निकाल बाजूने लागला आणि २०२२मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. विहीर फुटल्यापासून तेरा वर्षांनी.

आणि पर्यावरणाचा मुद्दा नेहमी खोदकाम थांबवण्याच्याच बाजूने असतो असंही समजू नका. घानाच्या २०१५च्या आदेशात चालू काम थांबवायला नकार दिला गेला. त्याचं एक कारण हेच होतं की अर्धवट सोडलेली यंत्रणा खराब झाली तर समुद्रालाच धोका.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणात किंवा हेगमध्ये कायमची जागा मिळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. इंटर्नशिपचा खर्च बहुधा आपल्यालाच सोसावा लागतो, तेव्हा अर्ज करण्याआधी घरी बोलून घ्या. खरं काम सापडतं ते परराष्ट्र आणि तेल मंत्रालयांच्या कायदा विभागांत, तेलकंपन्यांच्या करार विभागांत, जलसर्वेक्षण संस्थांत. माल्टाच्या आंतरराष्ट्रीय सागरी विधी संस्थेसारख्या ठिकाणी पुढचं शिक्षण घेता येतं, पण तिथली पदवी नसल्याने कुणाचं अडलंय असं मी पाहिलेलं नाही. मार्गदर्शक शोधायचाच तर मोठ्या नावाच्या मागे लागू नका. एखादा साठा-अभियंता किंवा नकाशा वाचता येणारा जलसर्वेक्षक गाठा. त्याच्यासोबत दुपारभर बसलात की कराराची परिशिष्टं उलगडायला लागतात, आणि खरा व्यवहार परिशिष्टांतच असतो. गणिताची भीती बाळगू नका. वर केलेल्या गुणाकाराहून अवघड मला क्वचितच काही लागलंय.

अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. त्यासाठी ‘सामायिक संपत्तीचं भवितव्य’ असला विषय घेऊ नका. एकच क्षेत्र घ्या आणि शोध लागल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा माग काढा. फ्रिग घेतलंत तर उत्पादन २००४मध्ये थांबलं. काँक्रीटचे प्रचंड पाये काढणं धोक्याचं होतं म्हणून ऑस्पार या ईशान्य अटलांटिकच्या सागरी पर्यावरण कराराखालच्या १९९८च्या निर्णयातल्या अपवादाखाली ते सीमेच्या दोन्ही बाजूंना समुद्रातच ठेवले गेले. वायू वाटण्याचे टक्के ठरले होते. उद्या त्या पायांनी कुणाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, मूळ कंपन्या की दोन सरकारं, आणि कोणत्या कलमाखाली? हे करारांच्या मजकुरातून चार पानांत मांडा. नमुना म्हणून तेवढं पुरतं.