बेसबॉलच्या सुरुवातीच्या वृत्तपत्रांचा संग्रह करताना

अमेरिकेतील बेसबॉलचा आरंभकाळ वृत्तपत्रांतून जमवायचा असेल, तर आधी कालखंड ठरवावा. १८५३ साली सुरू झालेल्या 'न्यूयॉर्क क्लिपर'मध्ये क्रीडा पत्रकार हेन्री चॅडविक यांची सामन्यांची वार्तापत्रे सापडतात. १८८३चे 'स्पोर्टिंग लाइफ' आणि १८८६चे 'द स्पोर्टिंग न्यूज' ही व्यावसायिक लीगच्या काळातली साप्ताहिके आहेत. माझ्या मते नवशिक्याने १८६९च्या आसपासचे, म्हणजे सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे व्यावसायिक संघ गाजत होता तेव्हाचे अंक आधी शोधावेत.

विकत घेण्यापूर्वी कागद नीट पाहावा. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जुना कागद आजही लवचीक आणि बराचसा पांढरा असतो, तर पुढे रूढ झालेला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो; म्हणूनच १८६०चा अंक पुष्कळदा १८९०च्या अंकापेक्षा सुस्थितीत मिळतो. पान तिरक्या उजेडात धरून मागची बाजू न्याहाळली, तर छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या दाबाने उठलेल्या अक्षरांच्या खुणा बहुधा दिसतात; सपाट (ऑफसेट) छपाईच्या नंतरच्या प्रतिकृतींत त्या नसतात. कडेला शिलाईची छिद्रे असल्यास अंक बांधीव खंडातून सुटा केलेला असतो. हा दोष नव्हे, मात्र ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ग्रंथालयाने तो अंक रीतसर निकाली काढल्याचा पुरावा अवश्य मागावा.

अंक आम्लरहित फोल्डरमध्ये, आडवा, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे, कारण त्यांनी झालेली हानी सहसा भरून निघत नाही.