जुन्या जीपमध्ये शेव्हरोलेचं व्ही-८ बसवताय? ईसीएम असा निवडा

अमेरिकेत सीजे जीपमध्ये (जीपची जुनी मालिका) शेव्हरोलेचं ५.७ लिटर व्ही-८ बसवणारे पुष्कळ. इंजिन जागेवर बसतं. घोळ होतो तो ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) आणि तारांचा. तिथे १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतले दोष ओळखून नोंदवणारी प्रणाली) सक्तीचं झालं. घरच्या घरी काम करणार असाल तर त्याआधीची प्रणाली घ्या: तारा कमी, आणि दोष वाचायला स्कॅनर लागत नाही.

सगळ्यात आधी नियम बघा. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यापुढचं लागतं आणि धूर नियंत्रणाचे मूळ भाग सोबत यावे लागतात. १९८५ च्या सीजे-७ ला १९९० चं इंजिन चालेल. मात्र ते हेवी-ड्यूटी ट्रकचं नको. (भारतात हा खटाटोप करायचा तर आधी आरटीओ.)

मग इंधनाची पद्धत ठरवा. टीपीआयला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आठ इंजेक्टर, ताकद जास्त, पण पंप ४० पीएसआयपेक्षा जास्त दाबाचा लागतो. त्यातला १९८६-८९ चा १२२७१६५ नंबरचा ईसीएम हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चालतो आणि जीपच्या अरुंद बॉनेटखाली तो सेन्सर बसवताना नाकी नऊ येतात. १९९०-९२ चा १२२७७३० मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालतो, म्हणून टीपीआयच हवं असेल तर तो घ्या. डोंगरवाटांवर हिंडायचं असेल तर माझं मत सरळ टीबीआयला (इंजेक्टर थ्रॉटलच्या तोंडाशीच): दोनच इंजेक्टर, ९ ते १३ पीएसआय दाब आणि १९८७ पासूनच्या ट्रकांमधला १२२७७४७ ईसीएम.

गिअरबॉक्सही विचारात घ्या. ७००आर४ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जोडणारा क्लच) १२२७७४७ सांभाळतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ४एल६०ई त्याला झेपत नाही. वेगाचा सेन्सर गाळू नका, नाहीतर गाडी थांबवताना आयडलिंग बिघडतं.

खरेदी एकाच गाडीतून करा: ईसीएम, चिप, सेन्सर, डिस्ट्रिब्युटर, कनेक्टर न कापता काढलेली अख्खी वायरिंग. ४.३ लिटर व्ही-६ लाही हाच डबा येतो, आतली चिप मात्र वेगळी. डब्यावरचा नंबर जुळला म्हणून पैसे मोजू नका.

गाडीत चढवण्यापूर्वी टेबलावरच १२ व्होल्ट, अर्थ आणि चेक इंजिनचा दिवा जोडा. दोष वाचायच्या बारा पिनांच्या कनेक्टरमधल्या ए आणि बी पिना तारेने जोडल्या की दिवा एकदा, मग थांबून दोनदा लुकलुकला पाहिजे. हा कोड १२: इंजिन फिरत नाहीये, ईसीएम जिवंत आहे. दिवा गप्पच राहिला तर आधी अर्थ तपासा, मग ईसीएमवर शंका घ्या.