म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे सांभाळताना

मोठ्या चणीचा कुत्रा साधारण ७ वर्षांचा झाला, की झोपेतून उठताना त्याचे मागचे पाय आखडतात का आणि सोप्यावर चढताना तो थबकतो का, हे रोज पाहावे. गोव्यातील घरांच्या गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय घसरतात; म्हणून त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरावे, नखे वेळेवर कापावीत आणि पावसाळ्यात ओल न लागणारे जाड अंथरूण द्यावे. वजन वाढू देऊ नये, कारण दुखऱ्या सांध्यांना तोच भार सर्वांत जाचतो; मायेपोटी वाढलेला जादा भातही येथे बाधतो. फेरफटका बंद न करता थोडा थोडा, दोनदा करावा. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये, ती जिवावर बेतू शकतात. लंगडण्याबरोबर ताप असल्यास गोचीडतापाची शंका घेऊन पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्यावे.